मावशी, ही ॲलिस नुसतीच फिरते!

एका वाचक मावशीचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

भाची आठ वर्षांची, दुसऱ्या गावी राहणारी. आठवड्यातून तीन-चार रात्री मावशी तिला व्हिडिओ कॉलवर ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ वाचून दाखवायची. हे पुस्तक मावशीला शाळेत बक्षीस मिळालेलं, त्यामुळे विशेष जिव्हाळ्याचं. आधी इंग्रजी वाक्य वाचायचं, मग ते मराठीत सांगायचं, असा शिरस्ता. तिसरं प्रकरण चालू असताना एका शनिवारी भाचीच्या बाबांनी, म्हणजे मावशीच्या भावोजींनी, तिला २०१० चा टिम बर्टनचा चित्रपट दाखवला. पुढच्या कॉलवर भाची म्हणाली, “मावशी, पुस्तकातली ॲलिस नुसतीच फिरते. तिला काही करायचंच नाहीये. खरी ॲलिस चिलखत घालते आणि राक्षसाला मारते.” मावशीच्या तोंडून निघून गेलं, “तो पिक्चर खोटा आहे. ज्यांना पुस्तक कळत नाही त्यांच्यासाठी काढलाय.” भाची गप्प झाली. याला तीन आठवडे झाले. आता कॉल लावला की तिला गृहपाठ तरी असतो, नाहीतर झोप तरी आलेली असते. ताई म्हणते, “सोड ना, एका पिक्चरवरून काय एवढं!”

मावशी विचारते: पुस्तक पूर्ण करायचा आग्रह धरू का? १९५१ चा कार्टूनपट, ‘जो निदान पुस्तकाशी प्रामाणिक आहे’, दाखवून झालेलं नुकसान भरून काढू का? आणि भावोजींशी बोलू का, की त्यांनी आधी मला विचारायला हवं होतं?

प्रिय मावशी,

तुम्ही पत्राखाली ‘एक मावशी’ एवढीच सही केलीय, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी एक विनंती. ते बक्षिसाचं पुस्तक हातात घ्या आणि पहिलं पान पुन्हा वाचा. ॲलिस नदीकाठी बहिणीशेजारी बसलीय. बहीण वाचतेय. ॲलिस एक-दोनदा तिच्या पुस्तकात डोकावते. त्यात ना चित्रं, ना कुणाचं बोलणं. असल्या पुस्तकाचा उपयोग तरी काय, असं तिच्या मनात येतं, ती कंटाळते आणि तेवढ्यात ससा पळत जातो. म्हणजे मोठ्या माणसाच्या पुस्तकाला कंटाळलेल्या मुलीपासूनच ही गोष्ट सुरू होते. तुमची भाची तुम्हाला जे म्हणाली, त्याहून फार वेगळं ॲलिसही म्हणत नाही. ॲलिसच्या बहिणीने मात्र त्यावर काही टोमणा मारल्याचं पुस्तकात नाही.

रागावू नका. पत्र वाचताना मला तुमची बाजू कळली. लहानपणी ज्या पुस्तकाने आपल्याला आपलंसं केलं, ते आपल्या लाडक्या पोरीच्या हाती द्यावं आणि तिने ते बाजूला सारावं, याचा चटका बसतोच. पण तो चटका तुम्ही चित्रपटाच्या खात्यावर टाकलाय, आणि मला तो हिशेब जुळत नाही.

पहिली गोष्ट तिसऱ्या प्रकरणाची. तुमची गाडी नेमकी तिथे होती हे वाचून मी मनात म्हटलं, हं! या पुस्तकातला तो अवघड घाट आहे. अश्रूंच्या तळ्यात भिजलेले प्राणी काठावर येतात. त्यांना वाळवायला उंदीर ‘सगळ्यात कोरडी’ गोष्ट सांगतो, ती म्हणजे इंग्लंडच्या इतिहासाचा एक रटाळ उतारा. मग तो आपली लांबलचक कहाणी सुरू करतो आणि ॲलिसला वाटतं तो शेपटीबद्दल बोलतोय, कारण इंग्रजीत कहाणी आणि शेपटी यांचा उच्चार एकच. ती कहाणी पानावर छापलीय तीही शेपटीसारखी वळणं घेत खाली जाणारी. आता हे सगळं आठ वर्षांच्या मुलीला फोनच्या पडद्यावरून, आधी इंग्रजीत आणि मग “म्हणजे बघ, त्यांच्या भाषेत ना...” असं समजावत पोचवायचं! विनोद समजावून सांगितला की तो मरतो. दर दुसऱ्या ओळीला विनोदाचं शवविच्छेदन चाललं असेल, तर भाची चित्रपट बघण्याआधीच कंटाळली असण्याची शक्यता बरीच आहे. ती तुमच्या प्रेमापोटी बसून राहिली असेल. चित्रपटाने तिला फक्त ते म्हणायला शब्द दिले.

आणि शब्दही किती नेमके! “ॲलिस नुसतीच फिरते, तिला काही करायचंच नाहीये.” अहो, गेली सव्वाशे वर्षं ज्या कुणी ही गोष्ट पडद्यावर आणायचा घाट घातला, त्या प्रत्येकाची हीच अडचण झालीय. पुस्तकात ॲलिस एका प्रसंगातून दुसऱ्यात जाते. सुरवंट भेटतो, मांजर भेटतं, चहाची मेजवानी होते, आणि एका प्रसंगामुळे दुसरा घडतो असं क्वचितच. वाचताना याचं काही वाटत नाही, कारण आपण वाक्यावाक्याच्या गमतीवर जगत असतो. पडद्यावर दोन तास बसलेल्या माणसाला मात्र ‘पुढे काय होणार’ याची ओढ लागते, आणि पुस्तकात ती फारशी नाही. मग कुणी गाणी घालतं, कुणी नामवंत नट घालतं, कुणी तलवार देतं. २०१० च्या चित्रपटाने भविष्यवाणी, तलवार आणि युद्ध घातलं. ते तुम्हाला आवडलं नाही. मलाही फारसं आवडलं नाही, खरं सांगते. वेडगळ जगाला शिस्तीत सैन्य म्हणून उभं केलं की त्यातला वेडगळपणाच जातो, असं माझं मत. तो चित्रपट जगभर शंभर कोटी डॉलरच्या वर कमावून गेला, तेव्हा माझ्या मताला कोण विचारतो! पण तुमच्या भाचीने पटकथा लिहिणाऱ्यांचं दुखणं एका वाक्यात पकडलं, आणि आपण तिला ‘तुला पुस्तक कळत नाही’ असं सुचवून मोकळ्या झालो.

तिने काय ऐकलं असेल, ते तिच्या बाजूने बघा. चित्रपट तिला आवडला होता. तो बाबांनी निवडला होता, बाबांच्या शेजारी बसून पाहिला होता. तुमच्या एका वाक्यात ती आणि तिचे बाबा दोघेही ‘न कळणाऱ्यां’त जाऊन बसले. चित्रपटाची निंदा तिने एक वेळ सोसली असती. मुलांना बाबांची बाजू घ्यायची की मावशीची, असा पेच पडला की ती सरळ झोप आलीय म्हणतात.

आता ‘खरी’ आणि ‘खोटी’. हा शब्द आधी तिने वापरला आणि तुम्ही तोच उचललात, म्हणून यावर थोडी रेंगाळते.

तो चित्रपट पुस्तकाची गोष्ट सांगतोय असा त्याचा स्वतःचाही दावा नाही. त्यातली ॲलिस एकोणीस वर्षांची आहे. ती लहानपणी तिथे जाऊन आलेली आहे, पण ते स्वप्न समजून विसरलीय, आणि आता पुन्हा जातेय. म्हणजे तुमच्या पुस्तकातलं सगळं घडून गेल्यानंतरची ही कल्पना आहे. भाचीला एवढंच सांगितलं असतं, की “तू पाहिलीस ती मोठी झालेली ॲलिस, आपण वाचतोय ती सात वर्षांची असतानाची,” तरी भांडण तिथेच मिटलं असतं. सात हे वय दुसऱ्या पुस्तकात, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये, ॲलिस स्वतः सांगते, नेमकं साडेसात. म्हणजे तुमच्या भाचीहून लहानच! हे तिला सांगून बघा.

आणि ‘मूळ’ म्हणाल, तर ते नेमकं कुठलं? ४ जुलै १८६२ ला ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स डॉजसन हा गणिताचा शिक्षक, त्याचा एक मित्र आणि लिडेल घरातल्या तीन बहिणी नावेतून गॉडस्टोकडे निघाल्या. वाटेत त्याने तोंडी गोष्ट रचली. मधल्या बहिणीने, दहा वर्षांच्या ॲलिसने, ती लिहून द्या म्हणून हट्ट धरला. नोव्हेंबर १८६४ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली, स्वतःच चित्रं काढलेली वही तिला दिली. त्या वहीत ती वेडी चहाची मेजवानी नाही. हसरं चेशायर मांजरही नाही. आज ज्या दोन गोष्टींवाचून ॲलिस आपल्याला सुचतच नाही, त्या त्याने नंतर, १८६५ चं पुस्तक छापताना घातल्या. पुस्तकावर डॉजसनचं टोपणनाव लुईस कॅरल आणि चित्रं जॉन टेनिअलची, एकूण ४२. आपल्या मनातली ॲलिस निम्मी तर टेनिअलनेच काढलेली आहे. नावेत बसलेल्या धाकटीने छापील पुस्तक पाहून “आमच्या गोष्टीत असं नव्हतं” म्हटलं असतं, तर तिचंही खरंच होतं.

एवढ्यावर तो लेखक थांबला नाही. १८८६ मध्ये लंडनच्या रंगमंचावर ॲलिसचं संगीत नाटक आलं, लेखकाच्या संमतीने. पहिल्या अंकात पहिलं पुस्तक, दुसऱ्या अंकात दुसरं. आणि १८९० मध्ये त्याने अगदी लहान मुलांसाठी स्वतःच ही गोष्ट सोपी, छोटी करून पुन्हा लिहिली. त्यात टेनिअलची वीस चित्रं मोठी आणि रंगीत केलेली. मला ते पुस्तक फार आवडतं, कारण त्यात तो बसून गोष्ट सांगणाऱ्या काकासारखा बोलतो. ससा घाबरलाय, पुस्तक जरा हलव, म्हणजे तो थरथरताना दिसेल, असं सांगतो. पानाचा कोपरा दुमडला की ॲलिस मागच्या पानावरच्या मांजराच्या हसण्याकडे बघतेय असं दिसतं, अशीही युक्ती त्यात आहे. बिनविजेचं ॲनिमेशनच म्हणा ना! मराठीत ॲलिसची ‘जाई’ झाली, दे. ना. टिळकांच्या ‘जाईची नवलकहाणी’त. तिला तरी आपण खोटी म्हणणार आहोत का?

आणि रोज रात्री तुम्ही काय करत होतात? इंग्रजी वाक्य घेऊन भाचीला कळेल असं मराठीत सांगत होतात. काही गाळत असाल, काही वाढवत असाल, राणीचा आवाज वेगळा काढत असाल. मावशी, तेही रूपांतरच की! तुम्ही मूळ प्रतीच्या राखणदार नाही आहात. टेनिअल, ते नाटकवाले, टिम बर्टन यांच्याच पंगतीत तुम्ही बसलेल्या आहात, फक्त तुमचा प्रेक्षक एक आहे. एकदा हे मान्य केलंत की दोन गोष्टी सोप्या होतात: बर्टनचा राग जरा निवतो, आणि तुम्हाला स्वतःला मोकळीक मिळते. उंदराची कहाणी-शेपटीची कोटी समजावत बसायचं कारण नाही. तुमचा उंदीर सरळ म्हणू दे, “माझी गोष्ट म्हणजे मारुतीचं शेपूट आहे!” आणि ॲलिस त्याच्या शेपटाकडे टकामका बघू दे. इंग्रजीत जमलेली कोटी मराठीत याहून बरी जमते, असं मी पैजेवर सांगते. ‘कोरडी’ गोष्ट तर आपल्याकडे आयतीच आहे. कोरडं भाषण ऐकून अंग वाळत नाही हे कुणाला सांगायला नको. कवितांचंही तसंच. पुस्तकातल्या बऱ्याच कविता म्हणजे त्या काळच्या इंग्रज मुलांकडून घोकून घेतलेल्या उपदेशपर कवितांची टिंगल आहे. मूळ कविताच आपल्याला पाठ नाहीत, तर टिंगल कशी कळणार? भाचीला पाठ असलेलं एखादं गाणं घ्या आणि दोघी मिळून त्याची वाट लावा.

आता तुमचे तीन प्रश्न.

१९५१ चा कार्टूनपट दाखवून दुरुस्ती करू का? नाही, ‘दुरुस्ती’ म्हणून तर मुळीच नाही. तो पुस्तकाशी प्रामाणिक आहे ही तुमची समजूतही थोडी तपासून बघा. सव्वा तासात त्यात दोन्ही पुस्तकांची खिचडी आहे. ट्विडलडम-ट्विडलडी, बोलणारी फुलं, ऑयस्टर खाणारे वॉलरस आणि सुतार हे सगळे १८७१ च्या दुसऱ्या पुस्तकातले पाहुणे. पहिल्या पुस्तकातली डचेस, ग्रिफन आणि मॉक टर्टल गायब. आणि दाराची ती बोलकी मूठ डिस्नेच्या लोकांनी पदरची घातलीय. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मी ॲलिस आधी कार्टूनमध्येच पाहिली आणि पुढे पुस्तक हाती आल्यावर त्या मुठीसाठी पहिली दोन प्रकरणं उलटसुलट चाळली. सापडली नाही तेव्हा माझ्या प्रतीतली पानं फाटली असावीत असं वाटलं होतं. तो चित्रपट आला तेव्हा पुस्तकाची मोडतोड केली म्हणून त्यालाही बोल लावले गेले, इंग्लंडमध्ये जास्तच, आणि पहिल्या वेळी तो फारसा चाललाही नाही. आज तोच तुम्हाला सोवळा वाटतोय. भाची तुमच्या वयाची होईल तेव्हा ती बर्टनचा चित्रपट कुणाला तरी ‘खरी ॲलिस’ म्हणून दाखवत असेल, आणि समोरचं पोर नाक मुरडत असेल.

पण कार्टून जरूर दाखवा, मजा म्हणून. त्यातला रंगांचा खेळ अजूनही ताजा आहे.

त्याआधी मात्र मी दुसराच चित्रपट सुचवीन. ॲलिसचा पहिला चित्रपट १९०३ चा, सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी इंग्लंडमध्ये काढलेला. मुळात साधारण बारा मिनिटांचा, आज त्यातली नऊच्या आसपास उरलीत. फिल्म खराब झालेली, डागाळलेली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये ती जमेल तशी नीट केली. दृश्यं टेनिअलच्या चित्रांवरून रचलेली. ॲलिस मोठी-लहान होते ती कॅमेऱ्याच्या करामतीने, चेशायर मांजर म्हणजे झुडपात दाखवलेलं खरंखुरं घरचं मांजर, बेडूक झालाय स्वतः हेपवर्थ, आणि त्याची बायको ससाही झालीय आणि राणीही. इंटरनेटवर तो सहज बघायला मिळतो. आणि तो मूकपट आहे! म्हणजे आवाज द्यायचे तुम्ही दोघींनी. व्हिडिओ कॉलवर दोघींनी एकाच वेळी लावायचा. ॲलिस भाची बोलेल, बाकी गोतावळा तुम्ही. आठ वर्षांच्या मुलीला अर्ध्या तासाच्या वाचनापेक्षा नऊ मिनिटांचं हे काम जास्त भावेल. शिवाय त्यात चूक-बरोबर काही नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण असंच काही विचारणारी पत्रं इतरांचीही येतात. १९३३ चा अमेरिकन चित्रपट गंमत म्हणून आठवावा असा: कॅरी ग्रँट, गॅरी कूपर असे एकेक नट घेतले आणि त्यांना मुखवट्यांत, पोशाखांत असं कोंबलं की कोण कुठला कळेना. चित्रांशी इमान राखूनही चित्रपट पडू शकतो, तो पडला. १९६६ ची जोनाथन मिलरची बीबीसीसाठीची कृष्णधवल ॲलिस तुम्ही एकट्याने बघा. त्यात प्राण्यांचे मुखवटे नाहीतच. ससा, सुरवंट सगळे व्हिक्टोरियन काळातले तऱ्हेवाईक मोठे लोक, आणि ॲलिस त्यांच्यामधून निर्विकार चेहऱ्याने चाललीय. संगीत पंडित रविशंकरांचं. उन्हाळ्याच्या दुपारी मोठ्यांच्या घोळक्यात अडकलेल्या मुलाला जग कसं दिसतं, ते मला त्यात सगळ्यात जास्त जाणवलं. यान श्वांकमायरचा १९८८ चा चेक चित्रपट लहान मुलांसोबत नको. पेंढा भरलेला ससा पोटातून भुसा सांडत फिरतो, हाडांचे सांगाडे चालतात. कमाल काम आहे, पण मुलं झोपल्यावरचं. ‘ॲलिस’ नाव दिसलं की ते मुलांचंच असेल असं धरून चालू नका, एवढं सगळ्याच पालकांना सांगेन. कुठलंही रूपांतर मुलांना दाखवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तरी स्वतः बघावं.

यावरून भावोजींचा मुद्दा. त्यांनी आधी विचारायला हवं होतं का? नाही हो. आपल्या मुलीबरोबर शनिवारी पिक्चर बघायला मेहुणीची परवानगी कशाला? ॲलिस ही तुमची आणि भाचीची खास गोष्ट होती हे त्यांना ठाऊक नसेल, किंवा उलट ठाऊक असेल म्हणूनच ‘तिला ॲलिस आवडते’ म्हणून त्यांनी हौसेने लावला असेल. दुसरी शक्यता मला जास्त पटते. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर एवढंच विचारा, ती कुठे घाबरली का? त्या चित्रपटात खंदकात तरंगणाऱ्या मुंडक्यांवरून ॲलिस पाय टाकत जाते, एका श्वापदाचा डोळा काढला जातो. काही आठ वर्षांची मुलं हे हसत बघतात, काही रात्री दिवा चालू ठेवायला सांगतात. हे विचारणं मावशीच्या अधिकारात बसतं. बाकीची तक्रार पोटात ठेवा.

आणि पुस्तक पूर्ण करायचा आग्रह? आग्रह नको, पण सोडूही नका. आधी भाचीला फोन करा, पुस्तक न घेता. सरळ सांगा, “मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तुला पिक्चर आवडला होता आणि मी त्याला नावं ठेवली.” त्यापुढे ‘पण’ लावू नका. मग म्हणा, “मला तो नीट आठवत नाही, तू सांग.” आणि ऐका. अध्येमध्ये “पुस्तकात असं नाहीये” म्हणायची उबळ येईल, ती गिळा. आठ वर्षांचं मूल चित्रपटाची गोष्ट सांगतं तेव्हा ‘आणि मग, आणि मग’ करत पाऊण तास घेतं. चहा घेऊन बसा.

तिने सांगून झालं की मग तुमची पाळी, तीही शोधाच्या खेळाने. “तू पाहिलेल्यांपैकी कोणकोण माझ्या पुस्तकात लपलंय, आपण शोधू.” तो जॅबरवॉकी नावाचा राक्षस पहिल्या पुस्तकात नाहीच, तो दुसऱ्या पुस्तकातल्या एका अगडबंब शब्दांच्या कवितेत आहे आणि तिथे त्याला मारतो एक मुलगा. मग चित्रपटात तलवार ॲलिसच्या हातात कशी आली? मोठ्या डोक्याची ती लाल राणी म्हणजे दोन पुस्तकांतल्या दोन वेगळ्या राण्या एकत्र कालवून केलीय. कोणाचं काय घेतलं? ॲलिसचा फ्रॉक निळाच असतो ना? मग १८९० च्या त्या रंगीत आवृत्तीत तो पिवळा कसा? अशा प्रश्नांवर पोरं तुटून पडतात. तिचा चित्रपट पुरावा म्हणून कामाला येतो, त्यामुळे बाबांची बाजूही शाबूत राहते.

वाचायला पुन्हा बसाल तेव्हा तिसऱ्या प्रकरणापासून सुरू करायची सक्ती नाही. फार ओढीची गोष्ट नाही, याचा हाच फायदा. कुठूनही शिरता येतं. सातव्या प्रकरणातली चहाची मेजवानी काढा. तिथले दोघं-तिघं तिला चित्रपटातून ओळखीचे आहेत, ओळखीच्या माणसांकडे जायला मुलांना आवडतं. आवडलं तर आठवं. इंग्रजी वाक्य आधी वाचायचा शिरस्ता बंद करा, हे मात्र जरा आग्रहाने सांगते. भाषेचा तास आणि झोपेआधीची गोष्ट एकाच अर्ध्या तासात कोंबली की दोन्हींचं मातेरं होतं. तिला इंग्रजी यावं ही इच्छा असेल तर त्याला दिवस पडलाय.

आणि तिचा तो आक्षेप, ‘तिला काही करायचंच नाहीये’, त्याला एक खरं उत्तर पुस्तकात आहे. ते तुम्ही देऊ नका, तिला सापडू द्या. पहिल्याच प्रकरणात ॲलिसला एक जेमतेम पंधरा इंचांचं दार दिसतं आणि पलीकडे फुलांची, कारंज्यांची बाग. तिला तिथे जायचं असतं. कधी ती फार मोठी असते, कधी किल्ली वर टेबलावर राहते. सात प्रकरणं ही खटपट मागे कुठेतरी चालू असते, आपणच विसरतो. सातव्याच्या शेवटी ती एकदाची आत जाते, आणि आठव्यात बागेत बघते काय, तर पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासणारे पत्ते आणि “मुंडकं उडवा!” ओरडणारी राणी. शेवटी ॲलिस त्या राणीच्या दरबाराचा जो निकाल लावते, त्याला ना चिलखत लागतं ना तलवार, फक्त एक वाक्य पुरतं. ते चित्रपटापेक्षा भारी की फिकं, हे भाचीला ठरवू द्या. तिने फिकं म्हटलं तर मान डोलवा. मला स्वतःला आठव्या वर्षी तलवारच आवडली असती.

एवढं करूनही ती म्हणाली, “मावशी, आपण दुसरं काहीतरी वाचू या”, तर दुसरं वाचा. तिने ‘आपण’ म्हटलं ना? बक्षिसाचं पुस्तक कपाटात आणखी काही वर्षं थांबेल. त्याला वाट बघायची सवय आहे.

बाकी आठव्या प्रकरणापर्यंत पोचलात, तर राणीचं काम भावोजींना द्या. शनिवारी तेही घरी असतात. “मुंडकं उडवा!” असं पोटातून ओरडायला एक दणकट आवाज लागतो, आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर ओरडलात तर शेजारी धावत येतील.